परातीवरचं नाव

दहिसर, ६ जानेवारी २०२५

प्रिय मृणालिनीमावशी,

सप्रेम जय भीम.

तुम्ही मला एकदाच पाहिलंय आणि तेव्हा मी झबल्यात होते, म्हणून ओळख सांगते. मी संघमित्रा खिल्लारे, कमलमावशीची भाची. तुम्ही आणि ती अख्खी नोकरी एका कंपनीच्या कॉम्प्युटर खात्यात शेजारी शेजारी बसून केलीत, तीच कमलमावशी. आता घाटकोपरला नातवंडांच्या मागे पळत असते. माझं रडगाणं ऐकून म्हणाली, "हे मृणालिनीचं काम. पण तिला फोन करू नकोस. कानाचं यंत्र कपाटात ठेवते आणि काहीच्या काही उत्तरं देते. मेल कर." म्हणून हा मेल.

तर रडगाणं. मी अंधेरीच्या एका कंपनीत आहे. आम्ही घरी आजारी माणसाला लागणारं सामान भाड्याने देतो. खाटा, व्हीलचेअर, वॉकर, ऑक्सिजनची मशीन. मी रिपोर्ट काढते. आमचं रेकॉर्ड म्हणजे एक अवाढव्य एक्सेल शीट, त्यात वस्तू आणि तिच्यापुढे एक नाव. गेल्या महिन्यात आमची गाडी खाट परत आणायला गोरेगावला तेजल नावाच्या बाईंकडे गेली. बाई म्हणाल्या, "माझ्याकडे कसली खाट? मी चांगली धडधाकट आहे!" दारातच भांडण. खाट निघाली घाटकोपरला, त्यांच्या वडिलांच्या खोलीत. बाईंनी फक्त ऑर्डर दिली होती. असं सारखं होतं आणि शिव्या मी खाते.

आता नवीन सिस्टीम येतेय. रिपोर्ट आपोआप निघणार, म्हणजे माझं टेबल बंद. आमचे देवव्रत सर म्हणाले, "डेटा मॉडेलरची एक जागा काढतोय. फेब्रुवारीच्या मध्यावर सगळ्यांसमोर आपल्या सामानाचं मॉडेल मांडून दाखव, जागा तुझी. नाहीतर बाहेरून माणूस घेऊ आणि तुझं काय करायचं ते बघू." हे 'बघू' म्हणजे काय, ते सगळ्यांना कळतं ना.

मी हो म्हणून बसले. पण मॉडेलिंग म्हणजे नक्की काय असं कोणी विचारलं तर माझी वाट लागेल. कुठला क्लास लावू? कुठलं पुस्तक वाचू? नेटवर इतके कोर्स आहेत की कोर्स कसा निवडायचा याचा आधी एक कोर्स करावा लागेल. प्लीज काहीतरी सांगा.

तुमची,
संघमित्रा


मुलुंड, ८ जानेवारी

चि. संघमित्रा हिला मुलुंडहून भरपूर आशीर्वाद. पुरले नाहीत तर कळव, आणखी पाठवते.

आधी एक गोष्ट. अहोजाहो बंद. कमलला अगं आणि मला अहो, हा पंक्तिप्रपंच मी चालवून घेणार नाही.

यंत्र कपाटात असतं हे खरं आहे. ते कानात घातलं की कुकरच्या शिट्ट्या, सोसायटीची मीटिंग आणि आमच्या मार्तंडरावांचं घोरणं ऐकू येतं. यातलं ऐकण्यासारखं काय आहे तूच सांग. नोकरीत असताना दिवसभर माणसं येऊन काहीतरी विचारायची. निवृत्त झाल्यापासून कोणी विचारत नाही, नुसतं सांगतात. औषध घे, लिफ्टने जा, पासवर्ड कोणाला देऊ नकोस. पासवर्डचं मला सांगतात! असो.

तुझं रडगाणं वाचून मात्र मजा आली. रागावू नकोस. तेजलबाईंच्या खाटेचा किस्सा मी मार्तंडला दोनदा वाचून दाखवला.

मॉडेलिंग म्हणजे काय, तर कॉम्प्युटरला समजावण्याआधी आपल्याला तरी समजलंय का, हे कागदावर तपासून बघणं. कुठल्या गोष्टींची नोंद ठेवायची, त्यांचा एकमेकींशी काय संबंध, आणि एक गोष्ट दुसरीपासून वेगळी कशी ओळखायची. गोष्टींचे चौकोन काढायचे, संबंधांच्या रेघा मारायच्या. एवढंच असतं, आणि एवढ्यातच माझी सगळी नोकरी गेली.

क्लासचं म्हणशील तर जाहिरात वाचून फी भरू नकोस. स्वतः जा आणि विचार, पहिल्या दिवशी हातात पेन्सिल देता की सॉफ्टवेअर उघडता? सॉफ्टवेअर म्हणाले की चपला घाल आणि नीघ. पेन्सिल म्हणाले तर शिकवणाऱ्याला विचार, तुमचं मॉडेल कधी सपशेल चुकलं होतं का? "माझं कधीच चुकलं नाही" म्हणणाऱ्याने ते कधी केलेलंच नसतं.

सोबत तीन पुस्तकांची नावं जोडली आहेत. पहिलं सगळं वाच. दुसरं अडलं की उघडायचं. तिसरं माझ्याकडे आहे, मार्तंड ते खिडकीत लावतो, वाऱ्याने आपटू नये म्हणून. ते काढून घेते आणि माझ्या जुन्या टिपणांबरोबर कुरियरने पाठवते. खिडकीचं तो बघेल.

तुझी,
मृणालिनीमावशी


दहिसर, १५ जानेवारी

प्रिय मावशी,

जय भीम! पुस्तक आलं. मार्तंडकाकांना सॉरी सांग.

तू सांगितलंस तसं क्लास फिरले. अंधेरीच्या क्लासला एसी काय, कॉफी काय, विचारू नकोस. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "पहिल्या दिवशी पेन्सिल देता का?" तिने खणातून एक पेन्सिल काढून दिली, क्लासचं नाव छापलेली! मला इतकं हसू आलं की मी थँक्यू म्हणून निघाले. पेन्सिल चांगली आहे, तिनेच तुझी टिपणं उतरवतेय.

बोरिवलीचे सर म्हणाले, "पंधरा वर्षं करतोय, मॅडम, माझं काही चुकत नाही." मी चपला शोधायला लागले. त्यांना वाटलं मी पाया पडतेय.

मग दिंडोशीला एका झेरॉक्सच्या दुकानावर छोटा क्लास सापडला. शिकवणारा अनय म्हणून आहे, माझ्याच वयाचा. चुकलं होतं का विचारल्यावर खुर्ची ओढून बसलाच. म्हणे, पहिल्याच कामात त्याने एका शाळेचं मॉडेल केलं आणि आडनाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख यावरून मुलं ओळखायची ठरवली. शाळेत जुळे भाऊ निघाले. कॉम्प्युटरने एकाला दोन वर्गांत बसवलं आणि दुसऱ्याला शाळेतूनच काढलं. आई हातात दोन्ही मुलं धरून ऑफिसात आली, "यातलं कुठलं नाही ते दाखवा!" अनय म्हणाला, त्या बाईंनी मला जे शिकवलं ते कुठल्या कोर्सने शिकवलं नाही. आणि गंमत म्हणजे त्याच्या यादीतलं पहिलं पुस्तक तुझंच पहिलं पुस्तक आहे.

झकास ना? पण त्याची बॅच मार्चमध्ये. मला तर फेब्रुवारीतच उभं करणार आहेत. मावशी, मार्चपर्यंत तूच शिकव. नाही म्हणू नकोस यार.

संघमित्रा


मुलुंड, १७ जानेवारी

चि. संघमित्रा,

मला 'यार' म्हणणारी तू पहिलीच. आवडलं. मार्तंडला म्हणू का विचारलं तर तो नको म्हणाला.

अनय बरा मुलगा दिसतोय. मार्चमध्ये नाव घाल. तोवर मी आहे.

ऑफिसच्या सामानाला अजून हात लावू नकोस, भीतीने सगळं एकदम काढायला जाशील. आधी ओळखीच्या वस्तूंवर हात बसव. अशी जागा शोध जिथून वस्तू लोकांकडे जातात आणि परत येतात. फक्त लायब्ररी घेऊ नकोस. प्रत्येक पुस्तकात लायब्ररीच असते, तू नुसती नक्कल करशील. वस्तू हातात घेऊन बघ, लोकांना विचार, मग चौकोन काढ. आणि मला दाखवल्याशिवाय ते कुठेही वापरू नकोस. पहिलं मॉडेल हमखास चुकतं. चुकायलाच हवं, पण कागदावर.

तुझे प्रश्न रोज पाठव. सकाळी चहाबरोबर वाचते. पेपरपेक्षा बरे असतात.

मृणालिनीमावशी


दहिसर, २६ जानेवारी

प्रिय मावशी,

जागा सापडली! आमच्या बुद्धविहारातलं भांड्यांचं कपाट!

आमच्या वस्तीत कोणाचंही लग्न, नामकरण, गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन असो, मोठी भांडी विहारातूनच जातात. टोप, पराती, वगराळी, पिंप. जातात पण परत येताना याचं झाकण त्याच्याकडे. विहाराचं सगळं राधाकाकू बघते, तीही वैतागली होती. मी आणि प्रितमदादाने सगळी भांडी बाहेर काढली. त्यांच्यावर नावं घातलेली आहेतच! मग काय, एक चौकोन भांड्याचा, एक मालकाचा, मध्ये रेघ. एका मालकाची अनेक भांडी, एका भांड्याचा एकच मालक. मावशी, इतकं स्वच्छ बसलं की मीच माझ्या पाठीवर थाप मारली.

आज झेंडावंदनानंतर मी यादी छापून कपाटावर चिकटवली. कुठलं भांडं कोणाचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या गं! राधाकाकू म्हणाली, इतकी वर्षं लोकांची भांडी आपल्याकडे पडून आहेत, विहाराला हे शोभत नाही, ज्याची त्याला पोचवू.

तुला आधी दाखवायचं होतं ते राहिलं, सॉरी. उत्साहात राहिलं. पण तुझ्यासाठी यात एक सरप्राइज आहे. सांगत नाही. घरपोच येईल! कमलमावशीलाही सांगणार होते, पण ती हिंगोलीला गेलीय आणि तिचा फोन लागत नाहीये.

आमच्या विकीचं, म्हणजे माझ्या भावाचं, लग्न नऊ फेब्रुवारीला विहारातच आहे. तोवर सगळं शिस्तीत लागेल.

संघमित्रा


मुलुंड, ३० जानेवारी

संघमित्रा,

काल तुमच्याकडून प्रितम नावाचे गृहस्थ आले होते. गोणपाटात गुंडाळलेली पितळी परात दारात ठेवली. "तुमची आहे, यादीत नाव आहे," एवढं मला कळलं. चहा न घेता गेले.

परात मी ओळखली. कमलच्या लग्नात मी आणि मार्तंडने दिलेली. दुकानदाराने नाव घालेपर्यंत मी उन्हात उभी होते, कारण त्याने आधी एका भांड्यावर टिपणीसचं टिळक केलेलं मी पाहिलं होतं. एवढी मोठी का घेतली म्हणून माझ्या सासूबाई हसल्या होत्या. मी म्हटलं होतं, कमलचं घर भरलेलं राहू दे.

लग्नात दिलेलं भांडं कोणी परत पाठवत नाही. माणूसच तोडायचं असेल तर पाठवतात. कमलचं आणि माझं काय बिनसलं ते मला खरंच माहीत नाही. दिवाळीत तिचा फोन आला होता तेव्हा मला नीट ऐकू आलं नाही आणि मी नुसतं हो हो म्हटलं. कशाला हो म्हटलं असेन कोण जाणे.

तुला काही माहीत असेल तर स्पष्ट कळव. शिकवणी सध्या राहू दे. माझं लक्ष लागणार नाही.

मृणालिनी टिपणीस


दहिसर, ३० जानेवारी

मावशी, मावशी, थांब!

कमलमावशीने काहीही केलेलं नाही. तिला माहीतच नव्हतं! सगळा घोळ मी घातलाय. हेच माझं सरप्राइज होतं. तुझ्या नावाची परात बघून मला वाटलं, कधीतरी कोणाच्या लग्नात तुझ्याकडून मागून आणली आणि द्यायची राहिली. तू किती खूश होशील, असं वाटलं मला. मी गाढव आहे. तुझा मेल वाचून ऑफिसच्या जिन्यात बसून रडले.

इथे काय झालंय ते ऐक. यादी लागली आणि दुसऱ्याच दिवशी घाटकोपरहून नितेश टेम्पो घेऊन आला. सगळ्यात मोठ्या टोपावर त्याच्या वडिलांचं नाव, 'सपना हिच्या लग्नानिमित्त भाऊ तायडे यांजकडून'. वडिलांची आठवण म्हणून घेऊन गेला. संध्याकाळी सपनाताई आली, म्हणे नाव माझं आहे, टोप माझा! दोघं चुलत भाऊबहीण, आता बोलत नाहीत. पिंपावर 'कालकथित सखुबाई यांच्या स्मरणार्थ' होतं, तर मी मालकाच्या जागी सखुबाई लिहिलं. राधाकाकू विचारते, आता हे पोचवायचं कुठे? कपाट रिकामं झालंय आणि विकीचं लग्न तोंडावर. आई माझ्याशी बोलत नाही. विकी म्हणतो, वरण काय बादलीत शिजवू?

आज शेवटी कमलमावशीचा फोन लागला. तिने मला इतकं झापलं की शेजारच्यांनी खिडकी उघडली. मग शांत होऊन सांगितलं. परात तिच्या घाटकोपरच्या मोरीत मावायची नाही. वर्षानुवर्षं पलंगाखाली. इथे बहिणीच्या वस्तीत विहार बांधला तेव्हा तिने ती स्वतः उचलून आणून दिली. म्हणाली, "पलंगाखाली ठेवायला दिली होती का मृणालिनीने? घर भरलेलं राहू दे म्हणाली होती. मी वस्तीच भरली." मावशी, आमच्याकडच्या प्रत्येक लग्नाचं पीठ त्या परातीत मळतात. माझ्या नामकरणाच्या पुऱ्यांचंसुद्धा. बायका तिला 'मुलुंडची' म्हणतात. "ती मुलुंडची काढा गं!" का म्हणतात हे कोणालाच माहीत नव्हतं, मलाही. म्हणून तर सगळ्यांना पटलं की ती मुलुंडला पोचवायला हवी.

माझं कुठे चुकलं ते आता दिसतंय. भांड्यावरचं नाव मालकाचं नाहीच. ते नाव त्या दिवसाचं आहे, ज्या दिवशी कोणीतरी कोणालातरी ते दिलं. भांडं एक चौकोन, माणूस एक चौकोन, आणि मी जिथे नुसती रेघ मारली तिथे तिसरा चौकोन हवा. 'देणं'. कोणी दिलं, कोणाला, कशानिमित्त, कधी. तुझी परात दोनदा दिली गेली, तुझ्याकडून कमलमावशीला आणि तिच्याकडून विहाराला. माझ्या यादीत एकच नाव मावत होतं, म्हणून मी बाकीची माणसं गाळून टाकली.

मला शिकवू नकोस हवं तर. पण कमलमावशीवर रागावू नकोस.

तुझी गाढव,
संघमित्रा


मुलुंड, १ फेब्रुवारी

अगं गाढवा,

मीही रडले. दोनदा. एकदा परात आली तेव्हा आणि एकदा तुझा मेल वाचून. दुसऱ्यांदा इतकी रडले की मार्तंड शेजाऱ्यांना बोलवायला निघाला होता. मग त्याला 'मुलुंडची' वाचून दाखवलं आणि तोही नाक पुसायला लागला.

मला वाटत होतं माझी परात कुठल्यातरी माळ्यावर काळी पडली असेल. आणि ती इतकी वर्षं दहिसरला लग्नं लावत फिरतेय! सासूबाई असत्या तर त्यांना सांगितलं असतं, बघा, लहान घेतली असती तर पुरली नसती.

कमलला मी मेल केलाय. तिचं उत्तर आलं, "तू दिवाळीत हो म्हणालीस ते कशाला माहीत आहे का? मी विचारलं, तू मला विसरलीस का?" आता काय बोलायचं, सांग.

आता तुझी खरडपट्टी. दाखवल्याशिवाय वापरू नकोस म्हटलं होतं. पुन्हा असं केलंस तर परात डोक्यात घालीन, आता ती माझ्याकडेच आहे. पण तिसरा चौकोन तुझा तुला सापडला. आमच्या खात्यात भलेभले लोक तिथे नुसती रेघ मारून मोकळे व्हायचे आणि वर्षभर निस्तरत बसायचे. तू एका आठवड्यात निस्तरलंस. रिकाम्या कपाटासकट.

आता हाच कागद घे आणि तेजलबाईंच्या खाटेकडे बघ. मी काही सांगणार नाही. तुला दिसेल.

ती यादी आजच्या आज काढ. नवीन लाव, भांडी विहाराची आणि पुढे ज्यांनी दिली त्यांची नावं, निमित्तासकट. लोकांना आपलं नाव हवं असतं. टोप परत येईल.

परात नऊ तारखेला आमच्याबरोबर येईल. विकीच्या लग्नाचं आम्हाला बोलावणं नाहीये हे माझ्या लक्षात आहे. पण पुऱ्या करायच्या असतील तर कराच बोलावणं.

मृणालिनीमावशी


दहिसर, १८ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

जय भीम, जय भीम, जय भीम!

जागा मिळाली!

आता नीट सांगते. आधी लग्नाचं, कारण तुम्ही दोघं लवकर निघालात आणि तुला पुढचं माहीत नाही. नवीन यादी वाचून नितेशला चैन पडेना. भाऊ तायडेंचं नाव सगळ्यात वर आणि टोप मात्र जागेवर नाही. शिवाय टोप त्याच्या दारातून आत गेलाच नव्हता, आठवडाभर जिन्यात होता. शेवटी त्याने तो स्वतःच टेम्पोत घालून परत आणला. तुम्ही गेल्यावर तो आणि सपनाताई शेजारी शेजारी बसून जेवले. अजून बोलत नाहीत, पण लोणचं पुढे सरकवतात.

आणि तू आणि कमलमावशी! गळ्यात गळे घालून रडत होतात ते ठीक, पण तुला ऐकू येईना म्हणून ती ओरडून रडत होती. भन्तेजी थांबले होते तुमच्यासाठी. विकी म्हणतो, माझ्या लग्नाच्या व्हिडिओत वधूपेक्षा तुम्ही दोघी जास्त आहात.

काल ऑफिसात. सगळे आले होते. मी लॅपटॉप उघडलाच नाही, अंधेरीच्या क्लासची पेन्सिल काढली आणि मोठ्या कागदावर सुरू केलं. खाट, एक चौकोन. माणूस, एक चौकोन. देवव्रत सर लगेच म्हणाले, "हे तर आहेच आपल्याकडे, वस्तू आणि पुढे ग्राहकाचं नाव." मी विचारलं, "तेजलबाई ग्राहक होत्या ना? मग खाटेवर कोण झोपलं होतं? आणि दार उघडून सही कोणी केली?" मग मधला चौकोन काढला. 'नेणं'. ऑर्डर कोणी दिली, आजारी कोण, ताब्यात कोणी घेतली, कुठे, कधीपासून कधीपर्यंत. तीन वेगळी माणसं, आणि आपण एकाच नावात कोंबली. गाडी त्या एका नावाकडे जाते.

सर म्हणाले, "पण खाट परस्पर शेजाऱ्याला दिली तर?" मावशी, मला हसूच आलं. मी म्हटलं, "सर, ते दुसरं नेणं. पहिलं पुसायचं नाही, खाली दुसरं लिहायचं. आमची एक परात अशी दोनदा दिली गेलीय." मग मला अख्खी परात सांगावी लागली. डिलिव्हरीचे लोक तर टाळ्या पिटत होते. सरांनी कागद घडी करून स्वतःच्या बॅगेत ठेवला आणि म्हणाले, "बाहेरून माणूस घ्यायची गरज नाही."

अनयच्या मार्चच्या बॅचची फी कंपनी भरतेय. पुढे सरांनी विचारलं, "हे इतक्या दिवसांत शिकवलं कोणी?" मी तुझं नाव सांगितलं. ते म्हणाले, आमच्या आणखी चार जणांना हे यायला हवं, त्या दर शनिवारी अंधेरीला येतील का? गाडी पाठवू.

मी हो म्हणून बसले. माझी ही सवय तुला माहीत आहे.

एकच अडचण आहे. ही चौघंही प्रश्न फार विचारतात. सारखे. एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचा. आणि मेलवर नाही गं, तोंडी.

संघमित्रा


मुलुंड, २० फेब्रुवारी

चि. संघमित्रा,

तुझा मेल मी उभ्यानेच वाचला आणि मग ओरडले, त्यामुळे मार्तंडच्या हातून चहा सांडला. तो आनंदाने सांडला असं मी समजते.

शाब्बास गं पोरी. शाब्बास! पहिलं पुसायचं नाही, खाली दुसरं लिहायचं, हे मी तुला शिकवलं नव्हतं. हे तुझंच. शनिवारी मी ते तुझ्या नावावर शिकवीन.

शनिवारी येते. माझ्या अटी सरांना सांग. एक, कोणी लॅपटॉप उघडायचा नाही. दोन, पेन्सिली माझ्या. अंधेरीच्या क्लासमध्ये जाऊन आज आम्ही दोघांनी मागून आणल्या. त्या मुलीने हसत हसत पूर्ण खोकाच दिला. वर, "तुम्हीसुद्धा शिकणार का आजी?" म्हणाली. मी म्हटलं, हो, शिकणारच.

हे मला ऐकू आलं, लक्षात आलं का? परवा तुझा मेल वाचला आणि कपाट उघडलं. यंत्रात नवीन सेल घातले. कुकर शिट्ट्या मारतोय, मारू दे. मार्तंड घोरत नाही, झोपेत गाणं म्हणतो. इतकी वर्षं मला पत्ता नव्हता. विकीच्या लग्नात कमल माझ्या कानाशी काय ओरडत होती तेही तिला पुन्हा विचारलं, या वेळी हळू सांगायला लावलं. ते काय होतं ते तुला सांगणार नाही.

बाकीचं लिहीत बसत नाही. यंत्र कानात आहे. फोन कर.

मृणालिनीमावशी